घरतांचा डबा

घरत हवालदार गेल्याचं मला सोसायटीच्या ग्रुपवर कळलं, आणि तेही पाण्याच्या टँकरच्या मेसेजखाली. वर 'टँकर येतोय, गाड्या बाजूला घ्या', त्याखाली 'जनार्दन घरत यांचे दुःखद निधन', आणि मग हात जोडल्याच्या चित्रांची रांग. टँकरवाल्या मेसेजलाही कोणीतरी चुकून हात जोडले होते. मी फोन ठेवला आणि आधी बाल्कनीत गेले. तिथे वॉशिंग मशीनच्या वरच्या फळीवर त्यांचा तीन पुडांचा स्टीलचा डबा पालथा घालून ठेवलेला होता. तीनेक आठवड्यांपूर्वी जेवायला आले आणि नेहमीप्रमाणे विसरून गेले. मी फोन केला तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वैनी, येतो की न्यायला." आले नाहीत. खरं सांगते, मला रडू नंतर आलं, आधी रागच आला. निवृत्त झालात, साखर वाढलेली, छातीचं दुखणं अंगावर काढताय, आणि वर डबे विसरताय... कोणी सांगितलं होतं?

ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. घरत आमच्या तुर्भ्याच्या चौकीत हवालदार होते. इथल्याच जुन्या गावातले. त्यांच्या वडिलांची जिथे भातशेती होती तिथे आता गोदामं आहेत, आणि त्या गोदामांमधल्या चोऱ्यांचा तपास करण्यात यांची अर्धी नोकरी गेली. ठेंगणे, पोट सुटलेलं, मिशा मात्र झोकदार. बोलणं गावचंच राहिलं, 'हाय' आणि 'नाय'वालं. माझा आणि त्यांचा नात्याचा, जातीचा, गावाचा काही संबंध नाही. मी साताऱ्याकडची, लग्न होऊन इकडे आले, बेलापूरच्या सरकारी कचेरीत कारकुनी केली, मंदार दहावीत असताना नवरा गेला. तो मंदार, माझा एकुलता एक, आज जवळच पावणे औद्योगिक वसाहतीत एका पॅकिंगच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. संध्याकाळी घरी येतो, भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुरतो. आठेक वर्षांपूर्वीच्या एका रविवारी वेगळं काही घडलं असतं तर तो आज तुरुंगात असता आणि दोन निरपराध माणसं जळून मेली असती. तसं झालं नाही, ते घरतांमुळे. हे सगळं छापायला देऊ का, असं मी मंदारला विचारलं. तो म्हणाला, "दे. नावही घाल." म्हणून लिहितेय.

घरतांची एक पद्धत होती. दुपारचं जेवण ते चौकीत जेवायचे नाहीत. हद्दीतल्या कुठल्या तरी घरात किंवा दुकानात डबा घेऊन जायचे. "जेवन माझं हाय, बसायला जागा तेवढी द्या," म्हणायचे आणि मांडी घालून बसायचे. आज टायरवाल्याकडे, उद्या वस्तीतल्या एखाद्या म्हातारीकडे, परवा मशिदीमागच्या शिंप्याकडे, तेरवा आमच्या सोसायटीत. पोलीस खात्यात मध्ये एक प्रशिक्षण झालं होतं. पोरं भलत्या मार्गाला लागून हाणामारीला, जाळपोळीला उठतात, ते आधीच कसं ओळखायचं, वस्तीचा विश्वास कसा मिळवायचा, असं काहीतरी. बाकीचे तिथे डुलक्या काढून आले. घरत मात्र तिथे शिकवायला आलेल्या बाईंचं नाव आदराने घ्यायचे. त्या म्हणाल्या होत्या म्हणे की तक्रार आल्यावर सगळेच जातात, तक्रार नसताना जा, आणि जाताना पोलिसाचं नसलेलं काहीतरी निमित्त न्या. घरतांनी डबा न्यायला सुरुवात केली. आणि डबा मुद्दाम विसरायलाही. कारण पोलीस दारात आला की शेजारी कान टवकारतात, पण हवालदार आपला डबा न्यायला आला तर कोण कशाला बघतंय? आणि आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत देत नाहीत, निदान साखर तरी घालून देतात. म्हणजे ज्या घरी डबा राहिला त्या घरातलं माणूसही कधीतरी तो भरून चौकीवर द्यायला जाणार. येणंही झालं आणि जाणंही.

हे मला पुढे कळलं. तेव्हा मी वैतागलेच होते. पहिल्यांदा आमच्या घरात आले आणि सरळ ओट्यासमोर फतकल मारून डब्याचं झाकण उघडलं. आत जवळा, सुकी बारीक कोळंबी. आम्ही पक्के शाकाहारी. सगळ्या घरात तो वास. झाकण उघडून झाल्यावर हे गृहस्थ मला विचारतात, "चालंल ना?" मी म्हटलं, "आता चालायचं काय राहिलंय?" तर हसले आणि जेवत राहिले. मी ताक दिलं, तेही प्यायले. गेल्यावर मी उदबत्त्या लावल्या, खिडक्या उघडल्या, तरी वास गेला नाही. दुसऱ्यांदा आले तेव्हा मी दार अर्धंच उघडलं होतं, त्या फटीतून आत आले. मंदार घरातच होता. नोकरी सुटलेली, दिवसभर फोनमध्ये तोंड, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या जिममध्ये. घरतांनी त्याच्याशी क्रिकेटच्या गप्पा मारायचा प्रयत्न केला. तो आतल्या खोलीत निघून गेला आणि दार आपटलं. त्या दिवशी डबा राहिला. मंदार म्हणाला, "फेकून दे तो डबा. हेरगिरी करायला येतो साला." मी त्याला शिवी दिल्याबद्दल झापलं. डबा चिंचेने घासला, डाळीच्या पिठाने घासला, लिंबू चोळलं. वास तसाच. शेवटी बाल्कनीत ठेवून दिला.

मंदार त्या काळात बदलत चालला होता. जिममध्ये दोन मोठी माणसं यायची, तिशी उलटलेली, कपाळावर आठ्या आणि तोंडात मोठमोठे शब्द. ती या पोरांना चहा पाजायची, फोनवरच्या ग्रुपमध्ये घ्यायची. घरात मंदार जेवता जेवता 'त्यांना' धडा शिकवायला पाहिजे असं काहीतरी बोलायचा. मी म्हणायचे, आधी नोकरी शोध, मग कोणाला काय शिकवायचं ते शिकव. एके दिवशी त्याने मला फोनवर एक फोटो दाखवला. पावण्यातल्या एका वर्कशॉपचा, लांबून काढलेला. जमिनीवर टोकदार लोखंडी पात्यांचा ढीग. "बघ आई, शस्त्रं बनवतायत. सलीम नावाचा आहे. आणि तुम्ही ऑफिसात फायली सरकवत बसा." फोटो त्यानेच काढला होता आणि ग्रुपवर सगळ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. त्याचे डोळे चमकत होते. बाप गेल्यापासून त्या पोराला कोणी शाबासकी दिली नव्हती, हे मला तेव्हा दिसलं, आणि भीतीही वाटली.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी रजेवर होते. मंदार बाहेर गेला होता. बाल्कनीत कपडे वाळत घालताना मला जवळ्याच्या वासात दुसराच एक वास आला. मशीनच्या मागे, जुन्या चादरीखाली, थिनरचा मोठा कॅन. आमच्याकडे रंगकाम नव्हतं. आदल्या दिवशीच मी त्याला फोनवर बोलताना ऐकलं होतं, 'रविवारी दुपारी, तेव्हा बंद असतं'. काय बंद असतं ते आता कळलं, सलीमचं वर्कशॉप. मी तिथेच खाली बसले. कॅन ओतून टाकावा? उद्या दुसरा आणेल. त्याला विचारावं? तो नाही म्हणेल, आणि त्या दोघांना जाऊन सांगेल. पोलिसात जावं? म्हणजे पोटच्या पोराला मीच नेऊन द्यायचं? आणि चौकी नाक्यावर, जिमच्या समोर. मी आत शिरताना दिसले की पाच मिनिटांत ग्रुपवर बातमी. मान वर केली तर समोर फळीवर घरतांचा डबा.

मी नारळ फोडला. नारळाच्या वड्या केल्या, माझ्या नेहमीच्या, भरपूर जायफळ घालून. लक्ष सगळं दाराकडे होतं म्हणून पाक थोडा पुढे गेला. तिन्ही पुडं भरली, घरात एकही वडी ठेवली नाही, आणि डबा हातात घेऊन सगळ्यांच्या देखत चालत गेले. जिमच्या पायरीवर त्या दोघांपैकी एक बसला होता. "काय काकू, कुठे?" मी म्हटलं, "त्या हवालदाराचा डबा पडलाय माझ्या घरी, वास मारतोय, देऊन येते." तो हसला. मी आत गेले. घरतांनी डबा उघडला, एक वडी तोंडात टाकली, शांतपणे खाल्ली आणि म्हणाले, "बोला वैनी." मी बोलले. मध्ये त्यांनी एकदाच तोंड उघडलं. "रविवारी दुकान बंद असतं, पन आत मानसं असतात. सलीमचे दोन कामगार पोटमाळ्यावर झोपतात, दुपारची. मी तिथं जेवलोय, मला म्हाईत हाय. पोरांना म्हाईत नसनार." मग मी विचारलं, "मंदारचं नाव येईल का?" ते म्हणाले, "मी सायबांपासून लपवनार नाय. खोटं लिवनार नाय." मला संताप आला. मी म्हटलं, "मग मी कशाला आले इथे?" ते म्हणाले, "पोरगा तिथं पोचू नये म्हनून आलात. ते बघतो. आनि तुमी आलात ते माझ्याजवळ राहील." 

रविवारी सकाळी आमच्या गेटवर टेम्पो आला. त्यातून सलीमभाई उतरले, दोन कामगार, वेल्डिंगचं मशीन आणि लोखंडी ग्रिलं. सोसायटीच्या भिंतीवर ग्रिल बसवायचं हे मीटिंगमध्ये कधीच ठरलं होतं, सेक्रेटरींनी काम पावण्यात कोणाला तरी दिलं होतं, एवढंच आम्हाला माहीत. काम खरं तर पुढच्या महिन्यात होणार होतं, घरतांनीच ते अलीकडे ओढलं होतं. घरत साध्या कपड्यांत, बगलेत डबा, थेट आमच्या दारात. "मंदार, खाली ये. पकडायला मानूस कमी हाय." सेक्रेटरी खालून हाका मारत होते, शेजारचे गॅलरीत उभे. नाही म्हणायची सोय नव्हती. मी खिडकीतून बघत होते. मंदार खाली गेला, ग्रिलचं एक टोक हातात धरलं, आणि वर बघितलं. प्रत्येक गजाच्या डोक्यावर तेच टोकदार पातं, चोर उडी मारून आत येऊ नये म्हणून बसवतात ते. त्याच्या फोटोतला सगळा ढीग आमच्याच भिंतीवर चढत होता. सलीमभाई त्याला सांगत होते, "भाऊ, हिलायचं नाय, आणि इकडे बघायचं नाय, आँख खराब होईल." मंदार हलला नाही. बघितलं मात्र असणार, कारण पुढचे दोन दिवस डोळे लाल होते.

दुपारी ग्रिलला लाल रंगाचा हात मारायची वेळ आली. सलीमभाई म्हणाले, "साहेब, थिनर कमी पडणार." घरतांनी मंदारकडे बघितलं आणि अगदी सहज म्हणाले, "तुमच्या घरी असंल बघ." मी खिडकीतून ऐकत होते. मंदारने आधी गेटकडे बघितलं. पळून जाऊ शकला असता, गेट उघडं होतं. मग जिना चढून वर आला. मी ओट्याकडे तोंड करून कणीक मळत असल्यासारखं केलं. बाल्कनीचं दार वाजलं, चादर ओढल्याचा आवाज आला, आणि तो कॅन घेऊन परत खाली गेला. स्वतःच्या हाताने त्याने तो सलीमभाईंना दिला. तो थिनर आमच्या भिंतीच्या रंगात गेला. हे नियमात बसलं का? बसलं नसणार. घरतांना वरून चांगलीच बोलणी बसली, लेखी खुलासाही द्यावा लागला, असं नंतर त्यांच्या बायकोने सांगितलं. त्याच वेळी नाक्यावर मोठ्या साहेबांनी ती दोन माणसं उचलली होती, त्यांच्याकडचे कॅन सापडले, बाकीच्या पोरांच्या आईवडिलांना चौकीत बोलावलं होतं. खटला अजून चालू आहे. मंदारचा जबाब झाला, त्यात फोटोही आला, थिनरही आला. घरतांनी खरंच काही लपवलं नाही. फक्त एक लपवलं.

यानंतर सगळं गोड झालं असं कोणाला वाटत असेल तर तसं नाही. मंदार माझ्याशी धड बोलत नव्हता, कित्येक महिने. त्याला वाटायचं ग्रुपमधल्याच कोणीतरी फोडलं, असं मी समजत होते, आणि मीही त्याला तसंच समजू दिलं. दर रविवारी त्याला चौकीत जायला लागायचं. तिथे घरत त्याच्यापुढे डबा उघडायचे आणि दोघं तावातावाने भांडायचे. धर्मावरून, राजकारणावरून, बातम्यांवरून. घरत त्याला गप्प करायचे नाहीत. "बोल, सगळं बोल, हितं बोल," म्हणायचे. घरत घरी येऊन मला म्हणायचे, "वैनी, पोरगं लई वाद घालतंय, बरं हाय." माझ्या मते त्यात बरं काही नव्हतं. मंदारची मतं बदलली का, हे मला विचारू नका. काही बदलली, काही तशीच आहेत, आमची जेवताना आजही जुंपते. पण पावण्याला नोकरी लागली तेव्हा पहिल्या दिवशी पेढे घेऊन तो आधी चौकीत गेला, आणि जवळा खायला शिकला. माझ्या घरात! बाल्कनीत बसून खा म्हटलं, तर खातो बाल्कनीत.

घरत निवृत्त झाले तरी डबा सुटला नाही. आता कोणावर नजर ठेवायची होती? एकदा मी स्पष्टच विचारलं, "अजून संशय आहे का आमच्यावर?" ते म्हणाले, "एकट्याला जेवन जात नाय, वैनी." एवढंच कारण होतं. मला उगीच वाईट वाटलं. शेवटच्या वेळी आले तेव्हा डब्यात दुधी होता, बायकोने पथ्याचा दिलेला. नाक मुरडत खाल्ला. माझ्याकडे वडी मागितली, मी दिली नाही. साखर आहे ना तुम्हाला, म्हटलं. "एक द्या," म्हणाले. नाहीच दिली. आता वाटतं... जाऊ दे.

कार्य झाल्यावर त्यांच्या बायकोचा फोन आला. घरातले डबे, भांडी मोजताना हा सापडेना. "तुमच्याकडं हाय ना? मग असू दे," म्हणाल्या. असू दे कसं? डबा परत करायला हवा, आणि रिकामा नाही. गेल्या रविवारी मी नारळ खवायला बसले. मंदार पलीकडे पेपर वाचत होता. तो न बघताच म्हणाला, "जायफळ जास्त घाल. त्या दिवशीसारखं."

"कुठल्या दिवशीसारखं?"

"ग्रिल बसवलं त्या दिवशी. काम झाल्यावर घरतकाकांनी डबा उघडून मला एक वडी दिली होती. जायफळ तुझं होतं. आणि वडीला जवळ्याचा वास येत होता, आई."

चौकीत मीच गेले होते हे मी इतकी वर्षं जपलं, आणि याला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी विचारलं, "त्यांनी सांगितलं तुला?" तो म्हणाला, "नाही. मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, डबा माझा हाय, वडीचं तुझ्या आईला विचार. मग तुला नाही विचारलं." मग पेपरची घडी घालत म्हणाला, "सुरुवातीला राग होता म्हणून. नंतर... तू सांगशील तेव्हा सांगशील, असं वाटलं."

मी रडले, चांगली रडले, खवणीवर बसूनच. मंदारने उठून पाकाखालचा गॅस बारीक केला. वड्या थापल्या, थंड झाल्या, तिन्ही पुडं भरली. एक वडी त्याने उचलून आधी वास घेतला, मग खाल्ली. कड्या लावल्या आणि डबा बगलेत घेतला, अगदी घरत घ्यायचे तसा.

"चल," म्हणाला, "आपण दोघंही जाऊ."